निळ्या गाऊनची दुमड

लेक : तपासणीचं पाकीट इकडे दे, आई. मी उघडते.

आई : का? हाडं माझी, पाकीट माझं.

लेक : आपलं ठरलंय ना? हाडांचा आकडा आणखी घसरला, तर वरचं शिवणाचं दुकान कायमचं बंद आणि मशीन मावशीकडे. शब्द दिलायस.

आई : दिलाय. कात्री घे. वेडंवाकडं फाडू नकोस.

लेक : थांब हं... दोन वर्षांपूर्वी कण्याचा आकडा मायनस दोन पॉइंट नऊ. आता... आई! मायनस दोन पॉइंट सहा!

आई : म्हणजे बरं की वाईट? ते मायनसचं माझ्या डोक्यात शिरत नाही.

लेक : बरं! अगं, खूप बरं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, घसरण थांबली तरी पुष्कळ. तू तर वर चढलीस!

आई : चढलेच मुळी. रोज चोवीस पायऱ्या, चार वेळा.

लेक : काय? मनगट मोडल्यापासून जिना बंद केला होता मी!

आई : तू कामावर गेलीस की मी जिन्यावर. कठडा धरून. मग दुकानात कापायच्या टेबलाला धरून टाचा वर, टाचा खाली.

लेक : पडली असतीस म्हणजे?

आई : दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी आधी स्वतः चढवून बघितलं. म्हणाल्या, दूध, दही, तीळ, गोळ्या, सगळं चालू ठेवा. पण नुसतं खाऊन बसून राहिलात तर भागायचं नाही. हाडावर भार पडला पाहिजे.

लेक : आणि मला कुणी सांगायचं?

आई : ऐकलं असतंस? खुर्चीतून उठले तरी ओरडायचीस.

लेक : भीती वाटते गं. दुकानातली नुसती फळी ओढलीस आणि मनगट गेलं. तो आवाज अजून कानात आहे माझ्या.

आई : माझ्याही. तो निळा गाऊन आण बघू. खालची दुमड उलटी कर.

लेक : अगंबाई, तीन तीन टिपा?

आई : चार वर्षांत तीनदा आखूड केला. जमिनीला घासायचा. मला वाटायचं, कापड धुऊन धुऊन ओघळतंय. दुकानदाराशी भांडलेसुद्धा! चाळीस वर्षं जगाची मापं घेतली, स्वतःला टेप लावली नाही. कापड धड होतं. कणा खचून मीच कमी होत होते.

लेक : आई...

आई : रडतेस काय, आज पेढ्यासारखी बातमी आणलीस! ती टेप घे आणि भिंतीला पाठ लावून उभी राहा.

लेक : मी कशाला?

आई : तुला चव्वेचाळिसावं लागलं. दिवसभर काउंटरवर बसायचं आणि चहावर जगायचं. आजची उंची भिंतीवर लिहून ठेवते. खांदे मागे! हां.

लेक : आता तू. गाऊन घाल.

(आई गाऊन घालून उभी राहते. लेक खाली वाकून बघते.)

लेक : जमिनीला टेकत नाहीये.

आई : वर्ष झालं, सुई लावली नाही त्याला.

लेक : किल्ली कुठंय? चल, दुकान उघडू. हो पुढे, मी मागून येते.

आई : तू पुढे हो. आणि कठडा धर, तुला सवय नाही.