मॅडमसाठी लीलो चेवडो

बडोद्याच्या सयाजीगंजातल्या त्या समुपदेशन केंद्रात मोहना पहिल्यांदाच आली होती. बाकीच्यांच्या चपला दाराबाहेर होत्या. तिनं मात्र काढल्या नव्हत्या, मनात आलं की निघून जाता यावं म्हणून. समोरच्या बाकावर सत्तरीचे काका-काकू बसले होते.

“पिशवीत काय आहे हो?” काकूंनी विचारलं.

“लीलो चेवडो. मॅडमसाठी.” काकांनी ओल्या चिवड्याचा पुडा काढून बाकावर ठेवला.

“कशाला?”

“मागच्या गुरुवारी त्यांच्यावर ओरडलो. घरी ओरडतो तसाच.”

“अगंबाई! मग?”

“रडल्या नाहीत, उठून गेल्या नाहीत. म्हणाल्या, काका, राग इथं दाखवलात ते बरं झालं. पुढच्या वेळी यावरच बोलू.”

“आणि तुम्ही चेवडा देऊन मोकळे होणार.”

“मग काय, माफी मागू? सवय नाही मला.”

“ठाऊक आहे. घरीही सकाळी ओरडलात की संध्याकाळी हाच पुडा येतो. मी खाते आणि विषय मिटतो.”

“तुला आवडतो म्हणून आणतो ना!”

“मला नाही आवडत तो.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही ओरडाल म्हणून.”

मोहना चपलेचा पट्टा सोडायला वाकली. तेवढ्यात आतलं दार उघडून मॅडम बाहेर डोकावल्या.

“या काका, तुमचीच वाट बघत होते.”

काका उठले. पुडा बाकावरच राहिला. दारापर्यंत जाऊन ते परत आले.

“बाहेर आलो की हे सगळं पुन्हा सांगशील? मी ओरडणार नाही.”

“ओरडलात तरी सांगेन. जा आता.”