पाचव्या पायरीवरचा डबा

मंडळी, ऐका. चूक आपली, शिक्षा भोगतोय दुसरा — आणि हे आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी बोलायचं की गप्प बसायचं? बोलायचं म्हणता? बरं, शेवटी पुन्हा विचारतो!

मृणाल धारप नावाची मुलगी. टीव्हीवरच्या कार्यक्रमासाठी खेळ रचायचे, हे तिचं काम. नोकरी नवी, खेळ पहिलाच — ‘पाच पायऱ्या’. पाच वस्तू मांडायच्या, खेळायला आलेल्या बाईनं बाजारभाव ओळखायचा. पन्नास रुपये इकडेतिकडे चालतील. जमलं की एक पायरी वर. पाचवी चढली की शिलाई मशीन! एक भाव चुकला — की घरी.

साहेबांनी विचारलं, "बाजारात फिरून भाव काढलेस ना?"

"हो सर."

कुठली फिरतेय! खुर्चीत बसून मोबाईलवरून भावाच्या कार्डांवर उतरवले.

शूटिंगला आल्या कुडाळच्या इंदुबाई गावडे. भाड्याच्या मशीनवर ब्लाउज शिवून घर चालवणारी बाई. चार पायऱ्या चढल्या. पाचवी वस्तू — स्टीलचा डबा.

"हातात घेऊन बघू काय? आम्ही भांडी वजनावर घेतो."

निवेदक म्हणाला, "हात लावायचा नाही, ताई."

बाईंनी डोळ्यांनीच तोलला. "दोन किलो असेल. आठशे."

कार्डावर — साडेअकराशे. भोंगा वाजला!

पेटीमास्तर, थांबा जरा. इंदुबाईंनी पदर सारखा केला आणि उतरायला लागल्या. एक पायरी... दोन... कंट्रोल रूमच्या काचेमागे मृणालला आत्ता कळलं — भांडी वजनावर विकतात, आपलाच भाव चुकला. गप्प बसली तर नोकरी राहते. कोण विचारणार? तीन...

धावली पोरगी! थेट कॅमेऱ्यासमोर. "त्या नाही चुकल्या. भाव मी चुकीचा लिहिलाय. सर, मी बाजारात गेलेच नव्हते. खोटं बोलले तुमच्याशी."

साहेब लाल. पण समोर बसलेल्या प्रेक्षक बायकांतून एक म्हणाली, "काटा आणा." आणला. दोन किलो, वर पन्नास ग्रॅम. भांड्यांच्या दुकानात फोन लावला — आठशे वीस! बाईंना मशीन मिळालं. मृणालची नोकरी त्याच संध्याकाळी गेली.

पुढं देवानं तिला दुसरी चांगली नोकरी दिली, असं सांगू? मला माहीत नाही. या गोष्टीत तरी मी कशाला खोटं बोलू?

आता पुन्हा विचारतो — बोलायचं की गप्प बसायचं? आमटीत मीठ दोनदा आपण घातलं आणि ऐकून घेतलं सुनेनं — आहे का इथं कुणी? हसताय. एकीची मान खाली गेली, मी पाहिली. नाव नाही घेत. पण तुमच्या चुकीपायी ज्यानं बोलणी खाल्ली, तो माणूस आठवला ना आत्ता? प्रसाद नंतर घ्या. आधी त्याच्याकडे जा.