विकासच्या मूळ प्रमाणपत्राबाबत

नाव जयवंता भ्र. भगवंतराव बिराजदार, वय ६८ वर्षे, धंदा घरकाम व शेवया-पापड करून विकणे, रा. नल्लकुंटा, हैदराबाद. हवालदार विक्रम हे मूळचे आदिलाबादचे असून मराठी लिहितात, म्हणून हा जबाब मराठीत.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर मुलगा विकास, वय ४१, याच्यासह राहते. पती सहा वर्षांपूर्वी वारले. विकासचे डावे अंग जन्मापासून अधू असून त्याला फिट येतात. गोळ्या दिवसातून दोनदा, जन्मभर. आज पाच वाजता विद्यानगरातले शिबिर बंद होते. तिथे एक धर्मादाय संस्था गरीब म्हाताऱ्यांना आणि अपंगांना औषधे निम्म्या किमतीत मिळण्याचे कार्ड देते, पण अपंगाचे मूळ प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय देत नाही. ते प्रमाणपत्र या क्षणी ठाण्यातल्या टेबलावर, आरोपीच्या बॅगेत आहे. हे आधी लिहा असे मी सांगितले, म्हणून आधी लिहिले आहे.

गेल्या महिन्याच्या वीस तारखेला सकाळी अकराच्या सुमारास एक तिशीचा इसम दारात आला. नाव अनिकेत सांगितले. "काकू, जरा पाणी देता का?" असे स्वच्छ मराठीत म्हणाला. इथे दिवसभर तेलुगू आणि हैदराबादी ऐकायची सवय. दारात कोणी मराठी बोलले की आम्ही अक्कल गहाण टाकतो. मी पाण्याऐवजी चहा दिला, वर पोहे. त्याने औषध सवलत कार्ड काढून दिले, एक तारखेपासून चालू होईल म्हणाला. मी फी दिली. वरच्या ऑफिसात दाखवायचे म्हणून त्याने मूळ प्रमाणपत्र मागितले, तेही दिले. एवढ्यावर थांबले नाही. आपला माणूस म्हणून मीच त्याला गल्लीतल्या सहा मराठी घरी नेले. त्याची मला लाज वाटते, हेही लिहावे.

एक तारखेपर्यंत गोळ्या पुरवायच्या म्हणून मी विकासला दोनऐवजी एकच देत होते. रविवारी सकाळी दात घासताना त्याला फिट आली. कपाळाला तीन टाके आहेत. याबाबत जास्त सांगायचे नाही.

सोमवारी, एक तारखेला, मेडिकलवाल्या सत्यवती यांनी कार्ड उलटेसुलटे पाहिले आणि "अम्मा, ये नकली है" म्हणाल्या. खरे कार्ड विद्यानगरच्या शिबिरात मिळते, गुरुवार शेवटचा दिवस, हेही त्यांनीच सांगितले. मी रडत बसले नाही. घरी येऊन त्या इसमाला गोड आवाजात फोन केला की, आणखी अकरा मराठी घरे कार्ड मागताहेत, गुरुवारी जेवायलाच ये, आणि येताना विकासचे प्रमाणपत्र आण. तो लगेच हो म्हणाला.

आज एक वाजता तो आला. बॅग मांडीशी धरून पंगतीला बसला. शेजारच्या शैला वाढत होत्या. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आमच्यात पंगतीतले सगळ्यात वडील माणूस हात धुवायला उठल्याशिवाय कोणी पानावरून उठत नाही. म्हणून मी खालच्या मजल्यावरचे नामदेवराव, वय ८७, यांना मुद्दाम बोलावले होते. त्यांना दात नाहीत. एका भाकरीला त्यांना एरवीही पाऊण तास लागतो. आज मी त्यांना दोन वाढल्या. शैलांनी स्वयंपाकघरातून शंभर नंबरला फोन लावला.

त्या इसमाचे दहा मिनिटांत आटोपले. तो चुळबुळ करू लागला. नामदेवराव म्हणाले, "सावकाश होऊ द्या," आणि आमटी मागितली. खाली पोलिसांची गाडी थांबली तेव्हा इसमाचा चेहरा पडला. तो अर्धा उठला, नामदेवरावांच्या पानाकडे पाहिले आणि परत बसला. ठग असला तरी वळण आमच्याच घरातले होते. मला एकदम वाईट वाटले, पण पोलीस दारात आले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या हेही खरे आहे.

विकासला घेऊन ठाण्यात आल्यावर मी प्रमाणपत्र मागितले. साहेब म्हणाले, "अम्मा, ये केस का माल है. अब कोर्ट सेच मिलता."

मी म्हटले, "साहेब, फिट तारीख बघून येत नाही."

प्रमाणपत्र पोलिसांच्या ताब्यातून सुटू शकत नाही, असे त्यांनी पुन्हा सांगितले. मग पोलिसांनीच ते घेऊन माझ्यासोबत यावे, असे मी म्हटले. साहेबांनी घड्याळ पाहिले. चार वाजून दहा मिनिटे झाली होती. त्यांनी हवालदारांना टोपी घालायला सांगितले.

इथपर्यंतचा जबाब ठाण्यात लिहिला. तो मला विद्यानगरकडे जाताना पोलिसांच्या गाडीत मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. विकास शेजारी बसला आहे. प्रमाणपत्र हवालदारांच्या हातात आहे. सहीसाठी गाडी थांबवू नका असे मीच म्हटल्याने सही वेडीवाकडी आली आहे. ती माझीच आहे.