चांदीसाठी तो खोटं बोलला

गुरुजी, जानकीवैनी, कोपरीतल्या माझ्या आयाबहिणींनो, आणि तबेल्यातल्या माझ्या दोस्तांनो,

मला भाषण येत नाही. आमचं आयुष्य घोड्यांशी बोलण्यात गेलं, आणि घोडा कधी म्हणत नाही की दत्ताराम, नीट बोल. गुरुजींनी आत्ता माझं नाव घेतलं तेव्हा वाटलं, उठून सरळ निघून जावं. ज्याच्या खांद्याला खांदा लावून काम केलं त्या गणपतदादाबद्दल 'होता' कसं म्हणायचं? जीभ वळत नाही. पण आज बोललंच पाहिजे. आणि भराभर बोललं पाहिजे.

कारण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. गणपतदादाची नात, मंदी, कालपासून घटसर्पानं पडली आहे. आमच्या प्रयोगशाळेचे डॉक्टर दुपारपासून सुई घेऊन तिच्या उशाशी बसलेत. आणि जानकीवैनींनी सांगितलंय, सुई लावायची नाही. ज्या सुईनं माझा धनी नेला ती माझ्या नातीला लागणार नाही.

वैनी, मी तुम्हाला चूक म्हणत नाही. तुमच्या जागी मी असतो तर मी त्या डॉक्टरला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. पण माझं ऐका. सगळ्यांनी ऐका.

गणपतदादा आणि मी एकाच सुमारास नोकरीला लागलो. तो इथला, मिठागरावर राबलेला. मी खडवलीचा, शेतावरून आलेला. घोडा दोघांनीही टांग्याला जुंपलेला तेवढा पाहिलेला. पहिल्या दिवशी तबेल्यात शिरलो आणि दोघेही दाराशीच उभे. मी म्हटलं, दादा, तुम्ही पुढे व्हा. तो म्हणाला, "मी कशाला? तुज्याकडं बघून घोडा हसतोय." असा माणूस! भीती त्यालाही वाटायची, पण दुसऱ्याची भीती तो हसण्यावारी न्यायचा.

इथं पुष्कळांना वाटतं, आम्ही तिथं जनावरांचा छळ करतो. मला तोंडावर म्हणालेत लोक. तर ऐका, काय करतो ते. घोड्याला रोगाचं विष थोडं थोडं टोचतात. हळूहळू वाढवत नेतात. घोडा ते पचवतो. मग त्याच्या मानेतून रक्त काढतात. ते ठेवून दिलं की वर पिवळं पाणी जमतं. ते पाणी स्वच्छ करून माणसाला टोचलं की माणूस त्या रोगातून उठतो. एक घोडा धनुर्वातासाठी, दुसरा घटसर्पासाठी. हे सगळं डॉक्टर करतात. आमच्याकडे घोडा. त्याचे चणे, त्याचं गवत, लीद, खरारा. आणि रक्त काढताना त्याचं डोकं धरायचं.

ते डोकं धरावं तर गणपतदादानंच. घोड्याच्या डोळ्यावर तळहात ठेवायचा आणि त्याच्याशी बोलत राहायचा. काय बोलायचा? घरचं बोलायचा! आज कालवण काय केलंय, बाळाराम रात्री उशिरा का आला, मंदीला नवा दात आलाय. डॉक्टर हसायचे. घोडा मात्र कान टवकारून ऐकायचा आणि हलायचा नाही.

आणि त्यातही चांदी. पांढरी घोडी. पलटणीतून काढलेली, पोटाला माणसाचा हात लागला की बिथरणारी. तिला दुसरं कोणी हात लावू शकत नव्हतं. वैनी, दसऱ्याला तुम्ही तबेल्यात यायचात. झेंडूच्या माळा घेऊन, गूळ घेऊन. सगळ्या घोड्यांना ओवाळायचात, आणि चांदीपाशी आलात की दादा म्हणायचा, "हिला आधी गूळ दे, मग कुंकू लाव, नायतर ताट उडवील." आठवतं ना?

मग त्या दिवशी काय झालं? तबेल्यात गंजलेला खिळा दादाच्या पायात घुसला. लिदीतला खिळा, म्हणजे धनुर्वाताची भीती. डॉक्टरांनी सुई काढली आणि विचारलं, "गणपत, ही सुई याआधी कधी घेतली आहेस?" मी शेजारी उभा होतो. दादा म्हणाला, "नाय. कधीच नाय." डॉक्टरांनी सुई दिली. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा चेहरा सुजला. ओठ काळेनिळे पडले. त्यानं माझं मनगट धरलं. काहीतरी सांगायचं होतं त्याला. डॉक्टर धावले, दुसरं औषध टोचलं, छाती दाबली. नाही आला परत. ज्या घोड्यांना पोसलं त्यांच्याच पाण्यानं तो गेला. सांगा मला, हे कोणाला सोसेल?

गाव म्हणतं, सुईनं मारलं. हो, सुईनंच मारलं. मी नाही म्हणत नाही. पण का मारलं?

आता जे सांगतोय ते मला स्मशानातून परतताना आमच्या कंपाउंडरनं सांगितलं. खाडीच्या कडेला बसून रडत सांगितलं. मागच्या वर्षी चांदीनं दादाच्या दंडाला कडकडून चावा घेतला होता. तुम्ही दंडावरची ती पट्टी पाहिली असेल. तुम्हाला काय सांगितलं त्यानं, वैनी? पत्र्यावर कापलं, हो ना? आम्हालाही तेच सांगितलं. कारण आमच्याकडे दंडक आहे. माणसाला चावलेलं घोडं तबेल्यात ठेवत नाहीत. काढतात. म्हातारं, अंगातलं रक्त दिलेलं घोडं कोण विकत घेणार? काढलं म्हणजे संपलंच. म्हणून दादानं कंपाउंडरला गळ घातली, गुपचूप धनुर्वाताची सुई दे आणि कोणाला बोलू नको. त्यानं दिली. काही झालं नाही. चांदी राहिली.

मंडळी, घोड्याचं पाणी अंगात एकदा गेलं की काही माणसांचं अंग ते ओळखून ठेवतं. दुसऱ्यांदा गेलं की अंग उसळतं. म्हणून तर डॉक्टर विचारतात, याआधी घेतलीस का? दादा 'हो' म्हणाला असता तर डॉक्टरांनी आधी थेंबभर टोचून वाट पाहिली असती, जपून दिली असती. पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, कधी घेतलीस? कशासाठी? म्हणून तो 'नाय' म्हणाला. चांदीला वाचवायला तो खोटं बोलला आणि स्वतः गेला.

आमचे मोठे साहेब इथं समोर बसलेत. साहेब, तुम्ही ऐकलंत. उद्या चांदीला काढतील, मला माहीत आहे. दादानं जीव देऊन झाकलेली गोष्ट मी चारचौघांत फोडली. मी त्या घोडीला उद्या सकाळी काय तोंड दाखवू? पण मी काय करू? झाकून ठेवली तर मंदी जाते! दादाला विचारलं असतं, घोडी की नात, तर तो काय म्हणाला असता? बाळाराम, तू त्याचा मुलगा आहेस. तू सांग. खाली बघू नकोस. तू बाप आहेस तिचा!

वैनी, मंदीच्या अंगात घोड्याचं पाणी कधी गेलेलं नाही. एकदाही नाही. डॉक्टर तिला आधी थेंबभर टोचणार, बघणार, मगच देणार. उतारा जवळ तयार ठेवलाय. मी शपथेवर सांगत नाही की काही होणारच नाही. मी देव नाही, तबेल्यातला गडी आहे. पण सुई नाही दिली तर काय होणार, ते या ओट्यावर बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. घटसर्पानं लेकरू गेलेलं नाही असं एक तरी घर या आळीत आहे का? असेल तर हात वर करा.

बघा. एकही हात नाही.

मोहन्याहून एक बाई आल्या होत्या आमच्या फाटकावर. त्यांचं पोर घटसर्पातून उठलं होतं. त्यांना घोडा बघायचा होता. दादानं त्यांना तबेल्यात नेलं. त्या घोड्याच्या पुढच्या पायांना हात लावून त्या ढसाढसा रडल्या. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "दत्तू, आपुन लीद काढतो, पन बघ कशासाठी काढतो." त्या दिवसानंतर तो आपल्या कामाला कधी हलकं म्हणाला नाही, आणि कोणी म्हटलं तर भांडायचा. वैनी, हे त्यानं तुम्हाला घरी येऊन सांगितलंच असणार. जेवता जेवता सांगितलं असणार. मंदीला मांडीवर घेऊन सांगितलं असणार. आज डॉक्टरांच्या हातात आहे ते त्याच घोड्याचं पाणी आहे. तो घोडा दादानं पोसलाय. त्याचं डोकं दादानं धरलंय.

मी हात जोडतो. पाया पडतो. मला शिव्या द्या, मला गावात येऊ देऊ नका, पण हे नको. एका घरातून दोन तिरड्या मी उचलणार नाही. माझ्यात तेवढं बळ नाही.

गुरुजी मला खूण करताहेत. शेवटी सगळ्यांनी उभं राहून स्तब्धता पाळायची रीत आहे. ठीक आहे, पाळू या. उभे राहा सगळे. बाळाराम, तूही ऊठ. मागच्यांनो, कुजबुज बंद करा. ते कंदील हलवणं थांबवा. कोणी खोकूसुद्धा नका.

दादाचं घर या भिंतीला लागूनच आहे. आता ऐका.

ऐकू येतंय? ती मंदी आहे. श्वास ओढतेय ती.

वैनी, तो आवाज थांबायच्या आत काय ते बोला.