दीड ताऱ्याची गाडी

मृदंग थांबवा जरा! टाळ खाली ठेवा. आधी तुमच्याशी भांडायचंय मला.

काल कीर्तन सुटलं, मी पायरीवर चपला शोधत होतो, आणि या कानांनी ऐकलं! एक जण दुसऱ्याला सांगतोय – "यंदाच्या बुवांचा आवाज बसलाय हो. मागल्या सालचे बुवा बरे होते." वा रे वा! दोन तास मांडी घालून देवापुढं बसलात, आणि घरी काय घेऊन गेलात? माझा घसा!

तर मंडळी, आजचा सवाल हाच. गोडी राहते कुठं? वस्तूत, की खाणाऱ्याच्या तोंडात? आणि शेजारच्यानं नाक मुरडलं म्हणून आपल्या तोंडातला घास कडू व्हावा का? बोलू नका कुणी. तुमचं उत्तर ठाऊक आहे मला, आणि तुम्ही वागता कसे तेही ठाऊक आहे. गोष्ट ऐका.

एका तालुक्याच्या गावी सावळाराम गुंजाळ नावाचा ड्रायव्हर होता. खासगी सर्व्हिसची गाडी चालवायचा. सकाळी घाट उतरून कोकणात जायचं, संध्याकाळी चढून परत. एकतीस वर्षं! आणि गाडी कसली? दार सुतळीनं बांधलेलं. खिडकी एकदा उघडली की मिटायची नाही. लोक तिला खुळखुळा म्हणायचे! पण सावळाराम स्टिअरिंगवर बसला की राजा हो, राजा!

त्याचा एक नेम होता. घाटाच्या खिंडीत देवीचं ठाणं. उतार लागायच्या आधी तिथं गाडी उभी करायची. दोनदा हॉर्न. हात जोडायचे. "आई, उतरतो गं" म्हणायचं, आणि मगच पहिला गिअर टाकायचा. प्रवासी बोंबलू देत, उशीर होऊ दे, नेम चुकला नाही. खाली स्टँडवर पोचलं की गाडी वळवायची, आणि त्याचा कंडक्टर भिकाजी मागं उभा राहून पत्र्यावर थाप मारायचा – "येऊ द्या! येऊ द्या!"

पुढं भिकाजी वारला. वर्षभरात सावळाराम न्हाणीघरात घसरला, खुबा मोडला. डावा पाय क्लच दाबेना. संपलं! माणूस ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचा. "गिअर चुकला बघ त्याचा," एवढंच बोलायचा. दिवसभरात एवढंच! त्याची बायको सुलाबाई आतून ऐकायची आणि पदर डोळ्याला लावायची.

आता घरात दुसरं पात्र. सावळारामच्या बहिणीचा मुलगा, प्रणित. अठ्ठावीस वर्षांचा, मामाकडंच राहायला. धंदा काय? कॉम्प्युटरवरचे खेळ खेळायचे आणि त्यांना नावं ठेवायची. त्याचा व्हिडिओ करायचा, मग लोक तो मोबाइलवर बघतात. हसताय काय? तुमच्यातले निम्मे हेच काम फुकट करतात!

एकदा त्याच्याकडं बस चालवायचा खेळ आला. घाटातली बस. आणि मंडळी, खोटं कशाला बोलू, खेळ भिकार होता! गाई रस्त्याच्या हातभर वरनं चालायच्या. प्रवासी सगळे पाठमोरे, इंजिनाकडं पाठ करून बसलेले. वायपर काचेच्या आत फिरायचा, ड्रायव्हरच्या नाकापुढं! आणि हॉर्न दाबला की बकरी ओरडायची. बकरी! आणखी एक मोठा दोष – वर खिंडीत गेलं की पुढं रस्ताच नाही. गाडी थेट पोकळीत, आणि खेळ बंद. जगभरच्या परीक्षकांनी शिव्या घातल्या. दहापैकी दीड तारा! हा दीड कुठनं आणला म्हणतो मी? अर्धा तारा तोडताना हात कसा थरथरला नाही?

प्रणितनंही तासाभरात निकाल लावला – "मामा, असला रद्दी खेळ मी जन्मात पाहिला नाही." आणि चहा प्यायला गेला. कॉम्प्युटर चालूच.

सावळाराम काठी टेकत आला. पडद्यावर बघतो तर – स्टिअरिंग! समोर घाट! क्लच नाही, काही नाही, चार बटणांवर गाडी. बसला की हो खुर्चीत!

त्या दुपारपासून घरात बकरी ओरडायला लागली. रोज जेवण झालं की सावळाराम गाडीवर. हवेतल्या गाईला म्हणायचा, "सरक गं, सरक बाजूला." पाठमोऱ्या प्रवाशांना म्हणायचा, "धरून बसा, वळण आहे." वायपर नाकापुढनं गेला की खो खो हसायचा. "आमच्या खुळखुळ्याला वायपरच नव्हता, हिला निदान आतनं तरी आहे!" सुलाबाई स्वयंपाकघरातनं ऐकायची. किती दिवसांनी हसला होता तो! अहो, तिला कुठं ठाऊक तारे किती! तिला नवरा हसताना दिसला, तिचं पोट भरलं.

आणि खिंड आली की? आली की गाडी उभी! पडद्यावर देवी नाही, दगड नाही, काही नाही. तरी हा थांबायचा. दोनदा हॉर्न – बें! बें! – हात जोडायचा. "आई, उतरतो गं."

एके दिवशी नेमका त्याच वेळी प्रणित मागं मोबाइल घेऊन उभा. हात जोडलेला मामा, ओरडणारी बकरी – तेवढं टिपलं आणि पळाला! पुढं काय होतं ते बघायला थांबला का? छे! परीक्षकाला थांबायला वेळ कुठला? व्हिडिओ टाकला. वर लिहिलं, "जगातला सगळ्यात भिकार खेळ, आणि त्याचा एकमेव भक्त."

चाळीस हजार माणसं हसली. चाळीस हजार! सावळारामला कळलं कुठं? दाढी करायला गेला तिथं. खुर्चीत बसला, गालाला साबण, आणि वस्तरा धरलेला माणूस म्हणतो, "काय सावळारामदादा, बकरी काय म्हणतीय?" सगळं दुकान हसलं.

घरी आला. जेवला नाही. कॉम्प्युटरवर सुलाबाईचं जुनं लुगडं टाकलं, आणि पुन्हा ओट्यावर. आठ दिवस! आता तर जाणाऱ्या गाड्यांचे गिअरसुद्धा ऐकेना. आहे का नाही गंमत? खेळ तोच. गाई तशाच हवेत, बकरी तशीच हॉर्नच्या घशात. बदललं काय? गोडी गेली! चाळीस हजार लोकांनी फुंकर मारली आणि याच्या घरचा दिवा विझला. का? कारण यानंही मनात तारे मोजायला सुरुवात केली. त्या टवाळांचा राग येतोच मला, पण सावळारामचा जास्त येतो!

नवव्या दिवशी दुपारी प्रणितनं लुगडं बाजूला केलं. "मामा, हा खेळ काढून टाकतो. जागा अडतीय उगाच. तुम्हीही आता खेळत नाही."

सावळारामची मान खाली.

पण सुलाबाई बाहेर आली. पिठाचे हात तसेच! "काढून टाकतोस? आणि हे ओट्यावर बसून वाळून गेले की त्यांनाही काढून टाक!" मग नवऱ्याकडं वळली. "आणि अहो, तुम्ही! खुळखुळ्याला गावानं काय कमी नावं ठेवली? माझा भाऊ म्हणायचा, भंगारात घाला. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता? माझी गाडी आहे, तुला चढायचं तर चढ, नाहीतर चालत ये! तो माणूस कुठं गेला हो?"

मंडळी, मी चाळीस वर्षं कीर्तन करतोय. असं निरूपण मला नाही जमलं कधी.

सावळाराम उठला. "प्रण्या, थांब. एक फेरी मारतो, शेवटची. मग काढ."

बसला. गाडी निघाली. मागं स्टुलावर प्रणित, चेहऱ्यावर तेच हसू. गाई आल्या. "सरक गं." वळणं आली. "धरून बसा." खिंड आली. प्रणित म्हणाला, "आता पडणार बघा पोकळीत. सगळेच पडतात."

सावळारामनं गाडी उभी केली. बें! बें! हात जोडले. "आई, उतरतो गं."

आणि समोर रस्ता उमटला! एकेक वळण, एकेक दगड! प्रणित स्टुलावरनं उठलाच. "मामा! हा रस्ता कुठनं आला?"

"कुठनं म्हणजे? रोज येतो की."

अरे शहाण्या! त्या दरिद्री खेळाला रस्ता अंथरायला घटकाभर वेळ लागत होता. सगळे हुशार लोक भरधाव गेले आणि पडले. हा एकटा थांबला, म्हणून उतरला. पण टाळ्या नका वाजवू! देवीचा चमत्कार म्हणून घरी जाऊन सांगाल, मला माहीत आहे तुम्ही. ऐका पुढं.

घाट उतरला. खाली स्टँड. आणि स्टँडवर काय? काही नाही! एक उघडं मैदान. ना माणूस, ना पाटी, ना "शाब्बास". करणाऱ्यानं शेवट केलाच नव्हता!

प्रणितला सूर सापडला. "बघा! एवढं करून शेवटच नाही. म्हटलं नव्हतं, रद्दी आहे म्हणून?"

सावळारामनं मागंही बघितलं नाही. "शेवट कशाला हवाय रे? गाडी वळवायला जागा आहे ना? झालं तर. परतीची फेरी कोण मारणार, तुझा बाप?" रिव्हर्स टाकला. मग बोटं थांबली. त्या खेळात मागचं दिसायचं नाही, आरसेच नव्हते. सवयीनं मान अर्धी वळली आणि तोंडातनं निघून गेलं – "भिकाजी, बघ रे मागं."

सुलाबाई दारात उभी. भिकाजीला जाऊन तीन वर्षं झालेली.

आणि तो प्रणित, सगळ्या जगाला नावं ठेवणारा! त्याला काय वाटलं देव जाणे. मागचं त्यालाही दिसत नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर त्यानं हलकी थाप मारली. "येऊ द्या," म्हणाला. "येऊ द्या मामा, येऊ द्या."

गाडी वळली. खेळ काही काढला नाही.

आता तुम्ही! मान काय डोलावताय? घरी जाल, आमटीत मीठ मोजाल. सुनेत खोड, जावयात खोड, देवाच्या मूर्तीचं नाकसुद्धा तुम्हाला बसकं दिसतं! समोर आयुष्य उभं आहे, हवेत चालणाऱ्या गाईंसकट, आणि तुम्ही स्टुलावर बसून तारे देताय. खुर्चीत कधी बसणार? घटकाभर थांबून हात कधी जोडणार?

माझा आवाज बसलाय. काल ऐकलं मी, खरं आहे ते. आता याच बसक्या आवाजात नाव घेणार आहे, आणि पायरीवर बोलणारा तो गृहस्थ तिसऱ्या खांबाला टेकून बसलाय, त्यानं माझ्याबरोबर घ्यायचं. मृदंग धरा. हां! येऊ द्या!