गुलाबी जीवखडा

खोटं वाटेल तुम्हाला, पण दादाच्या दहाव्याला मी कपड्यांसकट पंचगंगेत उडी मारली.

दादा ट्रक घेऊन तुंगभद्रेकडे ग्रॅनाइट आणायला जायचा. तिथं नदीकाठच्या माळावर घराएवढे गुलाबी धोंडे एकावर एक उभे आहेत, आपल्या काळ्या दगडापेक्षा कितीतरी म्हातारे, असं सांगायचा. त्यातला एक तुकडा त्यानं मला दिला होता. जीवखडा म्हणून सगळे स्मशानातला काळा दगड उचलायला सांगत होते. मी खिशातला तोच पुढं केला. दहा दिवस आमचा दादा त्यातच होता.

घाटावर तो पाण्यात सोडला, तर पायरीवरच पडला. मी मागोमाग उडी टाकली.

चुलते ओरडले, "आरं येड्या, सोडलेला खडा परत काढत न्हाईत!"

"काढत न्हाय, तात्या. हितं म्हशी धुत्यात, दादावर पाय देतील. जरा आत ठेवून येतो."