कानामागची लट

नाही, हनुवटीला हात नका लावू — मान कुठे वळवायची ते सांगा, मी वळवते. डावीकडे? ही घ्या. रागावू नका हं ताई, तुमचं काही चुकलं नाही, मला ते लहानपणापासून चालत नाही, दातांच्या डॉक्टरांनासुद्धा मी खुर्चीत बसायच्या आधी सांगून ठेवते. हां, तर मी काय म्हणत होते — तीन बैठका जमणार नाहीत. तुम्ही म्हणता ते पटतंय मला, परवा फोनवरही पटलं होतं, की तांबड्या केसांचा रंग हट्टी असतो, एका दमात काढायला गेलं की आधी गाजरासारखा नारिंगी होतो आणि त्याच्याही पुढे रेटलं की केस हातात येतात. सगळं मान्य. पण दर तीन आठवड्यांनी एक बैठक म्हणजे शेवटची होईतो दीड महिना गेला, आणि माझ्याकडे उद्या सकाळी नऊपर्यंतचा वेळ आहे. नऊला डॉक्टर घरी येणार आहेत. त्याच्या आत मला भुरी व्हायचंय.

एक लट आधी करून बघणार म्हणता ना, बघा की. कानामागची घ्या, तिथली बिघडली तरी झाकता येते. किती वेळ ठेवायची फॉइलमध्ये? चाळीस मिनिटं? वीसमध्ये नाही होत? — बरं बरं, चाळीस, तुमचं दुकान, तुमचं घड्याळ. शेजारीण बसलीय आईजवळ, तिला बाराला येते म्हणून सांगितलंय, तिला एकची सवय आहे माझ्या बाराची. नाही, धुतलेले नाहीत, दोन दिवस पाणी लावलं नाही, डोक्यावरचं तेल राहू दे म्हणाला होतात, राहू दिलंय, उशीचा अभ्रा बघाल तर कळेल. टोकं कोरडी? हो, ते सांगणारच होते. लिंबू. लिंबाचा रस चोळून दोन दुपारी गच्चीत उन्हात बसले, कुणीतरी सांगितलं आपोआप उजळतात म्हणून. शेजारीण म्हणाली, स्वतःलाच वाळत घातलंस की काय. उजळले काहीच नाहीत, नाक तेवढं भाजलं. आता तुम्ही ते मिश्रण कमी जोराचं करताय का? करा, तुम्हाला कळतं ते करा, फक्त आज करा.

काळा का नको? सगळे हेच विचारतात, काळा लाव आणि मोकळी हो. काळा बाबा लावायचे. शेवटची दहा वर्षं दर महिन्याला लावायचे, आणि चार दिवसांत मुळाशी ती लाल रेघ परत वर यायची — आई त्या रेघेकडे बघायची, चेहऱ्याकडे नाही. तेव्हा काळा नको. हा फोटो बघा. ही मावशी, आईची थोरली बहीण, आता नाही ती, आई तिला अक्का म्हणायची. खांद्यावरून पुढे घेतलेली ती वेणी बघा, फोटोचा रंग उडालाय पण केस खरंच असेच होते, भुरे, मधासारखे. आईचं माहेर सगळं भुऱ्या केसांचं आणि बाबांकडचे झाडून सगळे तांबडे. मी पुरती बाबांवर गेले. केस, कपाळ, हातांवरचे हे तांबूस ठिपके — ठिपकेसुद्धा त्यांचेच, मोजून घेतल्यासारखे. लोक कौतुकानं म्हणायचे, अगदी बापाची छापील प्रत आहे हो. आई तेव्हा काहीतरी शिवत असायची, ती मान वर करायची नाही.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. वाईट बोलू नये गेलेल्या माणसाबद्दल, आणि मी बोलतही नाही, पण आम्ही तीनदा पिशवी भरून मावशीकडे पळालोय एवढं खरं. दार उघडलं की मावशी काहीही विचारायची नाही. आधी आईला खुर्चीत बसवायची, वाटी घ्यायची आणि भरवायची — मोठ्या बाईला, चाळिशीच्या बाईला, चमच्यानं. आईचा जबडा दुखायचा ना, म्हणून छोटा चमचा, चहाचा. मग आई मावशीच्या वेणीचं टोक हातात धरून झोपायची. मी पायथ्याशी. मला कुणी भरवायचं नाही, मला भूक लागायची, मी घ्यायचे माझं. — नाही नाही, तक्रार नाही, सांगतेय फक्त.

तर आता आईचं असं झालंय की तिला चेहरे दिसत नाहीत. नजर गेलीय म्हणजे पार गेली नाही, रंग दिसतात — खिडकी दिसते, लाल बादली दिसते, माझं डोकं दिसतं. आणि मन कधी इथं असतं, कधी तीस वर्षं मागे. पण बोटं, ताई, बोटं अजून शाबूत आहेत. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई आहे. चादरीची कड चिमटीत धरते आणि सांगते, ही सुती नाही, फसवलं तुला. म्हणून मी तुम्हाला पहिल्यापासून म्हणतेय की नुसते उजळून उपयोग नाही, मऊ राहायला हवेत. केराच्या झाडूसारखे झाले तर ती पहिल्या चिमटीत ओळखेल की ही अक्का नव्हे. रंग डोळ्यांसाठी आणि मऊपणा बोटांसाठी, दोन्ही जमलं तरच ती तोंड उघडेल. हो — मावशी म्हणूनच जाणार आहे मी तिच्यासमोर. वेडेपणा आहे, माहितीये मला. तुमच्याकडे याहून शहाणा उपाय असेल तर सांगा, मी आत्ता उठते.

खात नाही हो. आज नववा दिवस. शेजारीण बसते तेव्हा चार चमचे सूप जातं, थोडं पाणी जातं, तेवढ्यावर माणूस किती दिवस काढणार? मी खोलीत पाऊल टाकलं की तोंड मिटून भिंतीकडे वळते. आणि मला — मला 'अहो' म्हणते. जन्मभर मला 'ए कार्टे' म्हणणारी आई, मला 'अहो' म्हणते. 'अहो, भूक नाही.' 'अहो, झोपू द्या.' आणि मी बाहेर गेले की शेजारणीला विचारते, अक्का कधी येणार, अक्का भरवेल मला. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत वाट बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. ती नळी ती ओढून काढणार, ते डॉक्टरांनाही माहीत आहे, म्हणून मग हात पलंगाला बांधायचे. मऊ पट्टी असते म्हणाले, काचत नाही. ते हात बांधायचे, ताई. मी सही करायची आणि ते हात बांधायचे.

फॉइल गरम लागतेय जरा, चालतं ना? किती झाली मिनिटं? सतराच? बाकीच्या केसांना आत्ताच लावून ठेवायला काय हरकत आहे — बरं, नाही बोलत. तुम्ही कामाला पक्क्या आहात, ते मला आवडलं. दुसरीनं आतापर्यंत सगळं डोकं थापून ठेवलं असतं.

काय म्हणालात? आधी? आधी खायची की. माझ्याच हातून खायची, तीन वर्षं मीच भरवतेय, दुसरं आहे कोण. — हो. केस असेच होते. केस काय, जन्मापासून असेच आहेत. — नाही, मध्ये रंगबिंग काही केला नव्हता. असेच होते आणि ती खायची, मला कार्टी म्हणत खायची, मीठ कमी आहे म्हणत खायची. त्याचं काय आहे, अशा आजारात अचानक होतं, डॉक्टरांनीच सांगितलंय, एक दिवस अचानक काहीतरी आठवतं आणि — तुम्ही आरशातून असं बघू नका माझ्याकडे. घड्याळाकडे बघा.

त्या आधीच्या तीन रात्री मी झोपले नव्हते, एवढं लक्षात घ्या. ती उसवत बसायची. चादर, उशी, स्वतःचा झगा, टाका न् टाका नखानं काढायची, आणि मी जागी राहून तिचे हात बाजूला करायचे. आणि त्या दुपारी सूप पाचव्यांदा गरम केलं होतं. पाचव्यांदा. एक घोट घ्यायची आणि थुंकायची, माझ्या हातावर, मांडीवर. मग मी तिची हनुवटी धरली. अशी — अंगठा इकडे, बोटं तिकडे. आणि म्हणाले, माझ्याकडे बघ. ते वाक्य माझं नाही. ते मी लहानपणी रोज ऐकलंय, स्वयंपाकघराच्या दारामागून, त्याच्यापुढे काय यायचं तेही मला पाठ आहे. चमचा दातांवर आपटला. ओठ फुटला, थोडासाच, टाके पडतील असा नाही. ती मोठे डोळे करून माझ्या केसांकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'अहो, खाते मी. खाते.'

आणि खाल्लं तिनं. अख्खी वाटी. एकही थेंब न सांडता, लहान पोरासारखी पटापटा गिळली, आणि मला — आता सांगतेच आहे तर सांगते — मला बरं वाटलं. वाटी धुताना वाटलं, चला, जमलं एकदाचं, असं करायला हवं होतं तर. संध्याकाळी परत वाटी घेऊन गेले तेव्हा तिनं तोंड मिटलं, ते मिटलंच. डॉक्टर म्हणाले ओठ चावला असेल, मी हो म्हणाले. शेजारणीलाही तेच. तुम्ही पहिल्या, आणि तुमचं तर मला नावही माहीत नाही.

झाली चाळीस? सोडा मग. हळू — हं. आधी पुसून घेताय का? दाखवा. द्या माझ्या हातात. अगं बाई. नारिंगी नाही झाली. हा तर — फोटो कुठे ठेवला मी, धरा इथं, शेजारी धरा. थोडी पिवळी आहे, पण तुम्ही ते निळसर काहीतरी लावून उतरवणार म्हणालात ना, मग हाच रंग झाला, हा मावशीचाच रंग झाला. आणि मऊ आहे. तुटत नाहीये. इतका वेळ तीन बैठका, तीन बैठका करत होतात — काय? एवढी जपून केली तर आजच्या आज सगळे होतील, संध्याकाळपर्यंत? होतील ना?

— थांबा. अजून लावू नका. जरा ही लट बघू दे मला. बघा ना, केस मावशीचे आणि धरलेत कुणी. हे ठिपके. हा अंगठा. चमचा याच हातानं धरणार ना मी उद्या? ती मला केसांवरून ओळखत नाहीये, ताई. तीन वर्षं तांबडीच होते मी. तुम्ही मघाशीच ओळखलंत, म्हणून विचारलंत.

तुम्ही येता का? नाही, ऐका — दहा मिनिटं, जवळच आहे घर, दोन गल्ल्या सोडून. तुमचे केस बरे आहेत, भुऱ्याला जवळचे, आवाज हळू आहे, तुम्ही बसा तिच्याजवळ, चमचा तुम्ही धरा. मी आत येणार नाही. मी दाराबाहेर उभी राहीन. नुसतं सांगा तिला, अक्का आलीय — राहू दे. तुम्ही कंगवा खाली ठेवलात तेवढ्यावरून कळलं. बरोबर आहे तुमचं, तुमच्या मागे इतकी गिऱ्हाइकं.

बाकीचे नका करू. असेच राहू देत, ही एवढी लट पिनेनं आत दाबून टाका, बाहेरून दिसत नाही. एक मात्र करा. मघाशी मी आले तेव्हा तुम्ही हनुवटीला हात लावला होतात ना — कसा लावला होतात? परत लावा. लावा हो, मी नाही ओरडणार. — दोनच बोटं? आणि अंगठा? अंगठा लावतच नाही तुम्ही. नुसती खालून टेकवायची आणि थांबायचं, समोरचा आपणहून वळेपर्यंत. किती वेळ थांबायचं? — हं.

असू दे आणखी थोडा वेळ.

झालं. रुमाल द्या. त्या बाकावरच्या बाईंना बोलवा आता, कधीच्या ताटकळल्यात.